बिटरफेल्ड : धूर, चित्रफीत आणि लेखणी

जर्मन साहित्येतिहासाच्या अभ्यासकाला बिटरफेल्ड हे नाव प्रथम भेटते ते गाव म्हणून नव्हे, तर एका वाङ्मयीन धोरणाचे विशेषण म्हणून. पूर्व जर्मनीच्या साहित्यासंबंधी लिहिलेल्या कोणत्याही ग्रंथात 'बिटरफेल्डचा मार्ग' या शीर्षकाचे एखादे प्रकरण हमखास असते. त्या प्रकरणात सभेची तारीख येते, घोषणा येते, लेखकांची नावे येतात. गाव मात्र क्वचितच येते. ज्या भूमीवर उभे राहून कामगारांना लेखणी उचलण्याचे आवाहन करण्यात आले, त्या भूमीचा इतिहास ठाऊक नसेल, तर त्या आवाहनातील विसंगती ध्यानात येणे कठीण आहे.

हे गाव आज सॅक्सनी-आनहाल्ट या घटकराज्यात, मुल्डे नदीच्या काठी, हाले आणि लाइपझिग या शहरांच्या उत्तरेस वसलेले आहे. नावाचा शब्दशः अर्थ लावला तर 'कडू शेत' असा होतो. व्युत्पत्तिशास्त्राला तो मान्य असो वा नसो, पुढील काळातील टीकाकारांनी त्यावर कोटी करण्याची संधी सोडली नाही. मध्ययुगात फ्लेमिश वसाहतकारांनी या भागात वस्ती केली. नंतर कित्येक शतके शेती आणि लहानसहान कारागिरी यांपलीकडे सांगण्यासारखे येथे फारसे घडले नाही.

१८३९ साली येथे तपकिरी कोळसा काढण्यास आरंभ झाला. हा कोळसा उंची जातीचा नव्हे. ओलसर, मातकट, राख पुष्कळ आणि उष्णता बेताची. दूरवर वाहून नेणे परवडत नाही, म्हणून जेथे निघतो तेथेच तो जाळावा लागतो. बिटरफेल्डचे पुढील सारे भाग्य आणि दुर्भाग्य या एका गुणधर्मात सामावलेले आहे. १८५७ ते १८५९ या दोन वर्षांत आगगाडी आली आणि गाव लोहमार्गांचे संगमस्थान बनले. कोळशाच्या थराशेजारी चिकणमाती होती, तिच्यापासून मातीचे नळ तयार होऊ लागले. परंतु खरा पालट १८९३ नंतर झाला. मिठाच्या द्रावणातून विद्युत्प्रवाह सोडून क्लोरीन व दाहक सोडा मिळविण्याची प्रक्रिया तेव्हा नवी होती. तिला स्वस्त वीज लागे, आणि स्वस्त वीज निर्माण करण्यासाठी येथे कोळसा पायाखालीच होता. मीठही मध्य जर्मनीत मुबलक होते.

या नव्या कारखान्यांपैकी एकाची व्यवस्था पाहण्यासाठी १८९३ मध्ये सव्वीस वर्षांचा एक तरुण आला. त्याचे नाव वाल्टर राटेनाउ. विद्युत् उद्योगातील बलाढ्य अशा ए.ई.जी. कंपनीचे संस्थापक एमिल राटेनाउ यांचा हा मुलगा. त्याने या गावात काही वर्षे काढली. यांत्रिकीकरणामुळे मनुष्याच्या आत्म्याचे काय होते, हा प्रश्न पुढे त्याने आपल्या ग्रंथांतून मांडला; १९२२ साली तो जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झाला आणि त्याच वर्षी २४ जून रोजी राष्ट्रवादी मारेकऱ्यांनी त्याचा खून केला. रॉबर्ट मुसिल यांच्या महाकादंबरीतील आर्नहाइम हे पात्र राटेनाउवरून बेतले आहे. त्यामुळे या गावाचा साहित्याशी संबंध १९५९ च्या कितीतरी आधीच, काहीसा आडवाटेने, जुळला होता असे म्हणता येईल.

शेजारच्या वोल्फेन या खेड्यात आग्फा कंपनीने १८९५ पासून रंजकद्रव्यांचा कारखाना उभारला आणि १९०९-१० मध्ये चित्रफितीचा. चित्रफितीला प्रकाश सोसत नाही. म्हणून या कारखान्यातील अनेक दालनांत पूर्ण काळोख असे आणि कामगार, त्यांत स्त्रिया पुष्कळ, हाताच्या सवयीने वावरत. जगाला चित्रे पुरविणारी ही माणसे दिवसाचे तासचे तास अंधारात काढीत. १९२५ साली आग्फा 'इ.गे. फार्बेन' या महासंघात विलीन झाली. १९३६ मध्ये येथे सिद्ध झालेल्या 'आग्फाकलर' फितीने रंगीत छायाचित्रण सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले; १९४१ मध्ये त्याच फितीवर चित्रित झालेला पहिला जर्मन रंगीत कथापट प्रदर्शित झाला. या यशाच्या जोडीनेच दुसरी गोष्ट नोंदविली पाहिजे. महायुद्धाच्या काळात याच कारखान्यात परदेशांतून सक्तीने आणलेले मजूर आणि छळछावण्यांतील बंदी स्त्रिया राबत होत्या. ही छावणी आधी रावेन्सब्रूकच्या आणि नंतर बूखेनवाल्डच्या अखत्यारीत होती.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य आले आणि कागदपत्रे व कृती घेऊन जुलैच्या आरंभी निघून गेले. मागोमाग सोव्हिएत सैन्य आले आणि त्याने यंत्रसामग्रीचा मोठा भाग हलविला. १९५३ च्या अखेरपर्यंत चित्रफितीचा कारखाना सोव्हिएत मालकीत राहिला. आग्फा या नावावरून पश्चिमेकडील लेव्हरकूझेनच्या कंपनीशी वाद होता. तो मिटल्यावर १९६४ पासून वोल्फेनचा माल 'ओरवो' या नावाने विकला जाऊ लागला. 'ओरिजिनल वोल्फेन' यातील आद्याक्षरांवरून ते नाव घडविले होते. हे नाव भारतीय वाचकांपैकी अनेकांना परके वाटणार नाही. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात आपल्याकडील छायाचित्रकार आणि चित्रपटनिर्माते ही फीत सर्रास वापरीत. डबीवर छापलेल्या त्या चार अक्षरांमागील गावाची हवा कशी होती, याचा विचार करण्याचे कारण मात्र कोणाला पडले नसावे.

१७ जून १९५३ रोजी पूर्व जर्मनीभर कामगारांचा उठाव झाला. बिटरफेल्ड हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. हजारो कामगार कारखान्यांतून बाहेर पडले, संपसमिती निवडली गेली, आणि त्या समितीने बर्लिनला तार पाठवून सरकारच्या राजीनाम्याची व मुक्त निवडणुकांची मागणी केली. ती तार हे या गावातील कामगारांनी लिहिलेले पहिले महत्त्वाचे गद्य होय, असे मला वाटते. ती संक्षिप्त होती, स्पष्ट होती आणि तिचे उत्तर रणगाड्यांनी मिळाले. समितीचे पुढारी काही वर्षांच्या तुरुंगवासाला तरी गेले किंवा पश्चिमेकडे पळाले.

यानंतर जेमतेम सहा वर्षांनी, २४ एप्रिल १९५९ रोजी, विद्युत्-रासायनिक कारखान्याच्या नव्या, खांबांच्या भव्य सांस्कृतिक प्रासादात ती प्रसिद्ध सभा भरली. मूळ बेत हाले येथील एका प्रकाशनसंस्थेच्या लेखक-संमेलनाचा होता. पक्षप्रमुख वाल्टर उलब्रिख्त आले आणि तिला राष्ट्रीय धोरणाचे स्वरूप प्राप्त झाले. लेखकांनी कारखान्यात जावे आणि कामगारांनी लिहावे, असे ते दुहेरी धोरण होते. वर्षारंभीच येथील अ‍ॅल्युमिनियम विभागातील एका तुकडीने निकोलाय मामाय या सोव्हिएत खाणकामगाराचे नाव घेऊन आदर्श श्रमाची प्रतिज्ञा केली होती; अशा तुकड्यांनी आता सामुदायिक रोजनिशी लिहावयाची होती. गावोगावी लेखनमंडळे निघाली. या साऱ्याची टर उडविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. ज्यांच्या हाती कधी पुस्तक आले नव्हते अशा हजारो माणसांना या मंडळांनी वाचनाची गोडी लावली. क्रिस्टा वोल्फ हालेजवळच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात गेल्या नसत्या, तर १९६३ ची त्यांची 'दुभंगलेले आकाश' ही कादंबरी आज आहे तशी लिहिली गेली असती असे वाटत नाही.

अडचण निराळीच होती. कामगाराने लिहावे, हे ठीक. पण जे दिसते ते लिहावे काय? सभेचे घोषवाक्य रचणारा वेर्नर ब्रॉइनिग हा स्वतः खाणीत राबलेला, अवघ्या पंचविशीचा लेखक होता. युरेनियमच्या खाणींतील जीवनावर त्याने 'रुमेलप्लात्स' ही कादंबरी लिहावयास घेतली. तिचा एक अंश १९६५ मध्ये मासिकात छापून येताच त्याच्यावर पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या बैठकीत हल्ला झाला. पुस्तक बाजूला पडले. ब्रॉइनिग १९७६ साली बेचाळिसाव्या वर्षी वारला. कादंबरी प्रसिद्ध झाली ती २००७ मध्ये.

दरम्यान गाव जळतच होते. ११ जुलै १९६८ रोजी पी.व्ही.सी. विभागात व्हायनिल क्लोराइड वायूचा स्फोट होऊन ४२ माणसे ठार झाली. यंत्रे जुनी होत चालली होती, पण ती बदलण्यास पैसा नव्हता आणि उत्पादन थांबविण्याची परवानगी नव्हती. चित्रफितीच्या कारखान्याचे सांडपाणी एका सोडलेल्या खाणीच्या खड्ड्यात साठत गेले. त्या दुर्गंधीयुक्त गाळाला लोकांनी 'रुपेरी तळे' असे नाव ठेवले. गोइट्शे नावाचे नदीकाठचे वन कोळशासाठी खणून काढण्यात आले. १९८२ पासून पर्यावरणविषयक आकडेवारी सरकारने गोपनीय ठरविली. ज्या राखेने खिडकीतले वाळत घातलेले कपडे काळे होत, तिचे मोजमाप हे राज्याचे गुपित बनले.

ते गुपित मोनिका मारोन यांनी फोडले. त्या स्वतः वार्ताहर होत्या आणि माजी गृहमंत्र्यांच्या सावत्र कन्या. त्यांच्या 'फ्लुगआशे', म्हणजे 'उडती राख', या कादंबरीतील योजेफा नाडलर ही पत्रकार 'बी.' नामक गावी जाते, तेथील जुन्या वीजकेंद्रासंबंधी खरे लिहिते आणि ते छापून येणार नाही हे जाणून घेते. 'बी.' म्हणजे कोणते गाव, हे सांगण्याची गरज नव्हती. बिटरफेल्डच्या सभेने मागितली होती तशीच ही कादंबरी आहे : लेखिका कारखान्यात गेली, कामगारांशी बोलली, जे पाहिले ते तिने लिहिले. ती १९८१ मध्ये पश्चिमेकडील फ्रांकफुर्ट येथे प्रसिद्ध झाली; पूर्व जर्मनीने ती कधीच छापली नाही. १९८८ च्या जूनमध्ये काही पर्यावरणवादी तरुणांनी, युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी लोक दूरचित्रवाणीपुढे बसले असताना, कचऱ्याच्या खड्ड्यांचे चोरून चित्रण केले. सप्टेंबरमध्ये ते पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीवर दाखविले गेले, आणि बिटरफेल्डवासीयांनी आपले गाव परक्या वाहिनीवर पाहिले.

१९९० नंतरचा इतिहास वेगवान आहे. चित्रफितीचा कारखाना १९९४ मध्ये अवसायनात निघाला. तेथे आता संग्रहालय आहे. हजारोंनी नोकऱ्या गेल्या, तरुण पश्चिमेकडे गेले, वोल्फेनच्या नव्या वसाहतीतील इमारती रिकाम्या होऊन पाडल्या गेल्या. धुरांडी विझल्यामुळे हवा स्वच्छ झाली, ही गोष्ट आनंदाची की दुःखाची, याचे उत्तर तेथील माणूस एका शब्दात देणार नाही. गोइट्शेचा खड्डा १९९९ पासून पाण्याने भरू लागला. २००२ च्या महापुरात मुल्डे त्यात घुसली आणि वर्षांचे काम दिवसांत उरकून गेली. आता तेथे विस्तीर्ण सरोवर आहे. भूजलातील विष मात्र अजूनही उपसावे लागते. १ जुलै २००७ रोजी बिटरफेल्ड आणि वोल्फेन मिळून एकच नगर झाले.

२००९ मध्ये मारोन पुन्हा या गावाविषयी लिहित्या झाल्या. या खेपेस कादंबरी नव्हे, वृत्तकथन : 'बिटरफेल्डर बोगन'. टेकडीवर उभारलेल्या पोलादी कमानीचे ते नाव. पुस्तकाचा विषय क्यू-सेल्स ही शेजारच्या टालहाइम येथील सौरघट बनविणारी कंपनी. थोड्या उत्साही माणसांनी १९९९ मध्ये ती सुरू केली आणि ती जगातील अग्रेसर कंपन्यांत गणली जाऊ लागली. कोळशाच्या राखेवर कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेने सूर्यप्रकाशावर आशावादी पुस्तक लिहावे, ही घटना या गावाच्या इतिहासाला साजेशीच होती. एप्रिल २०१२ मध्ये क्यू-सेल्सने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या हान्वा समूहाने ती विकत घेतली, आणि २०१५ साली टालहाइम येथील घटांचे उत्पादन बंद झाले.