तांदळाच्या पोत्यापासून फोनपर्यंत

जकात म्हटले की आपल्याला वेशीवरचा नाका आठवतो. शब्द मूळचा अरबी. आपल्याकडे येऊन तो कराला चिकटला. नाके गेले, शब्द राहिला! मूळची जकात म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरसाल शिलकेचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी काढणे. शिवाय रमजान संपताना घरातल्या माणशी धान्य द्यायचे, ते वेगळे. इंडोनेशियात हे धान्य म्हणजे तांदूळ, माणशी अडीच किलो.

जावा बेटातल्या खेड्यांतली रीत ऐकण्यासारखी आहे. मशिदीत तांदूळ मोजून घ्यायला जो बसतो, त्याला आमिल म्हणतात. देणारा त्याचा हात हातात घेऊन 'देतो' म्हणतो. आमिल 'स्वीकारले' म्हणून दुआ मागतो. झाली पावती! आमिल गावचाच. कुणाची चूल पेटलेली नाही, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

पण शहरात कोण कुणाला ओळखतो? 1968 साली जकार्ताच्या गव्हर्नरांनी जकात गोळा करणारी सरकारी संस्था काढली. 1993 साली 'रिपुब्लिका' दैनिकाच्या पत्रकारांनी गुनुंग किदुल या कोरड्या मुलखातले दैन्य पाहून 'दोम्पेत धुआफा' हा निधी उभारला. आमिलाच्या जागी वर्तमानपत्र आले म्हणा ना. गावच्या आमिलाचा हात इतका लांब कधीच पोचला नसता, हेही खरे.

2019 साली तिथल्या मध्यवर्ती बँकेने देशभर चालणारा एकच क्यूआर कोड आणला. पुढच्याच वर्षी करोनाची साथ आली आणि रमजानात कितीतरी मशिदी बंद राहिल्या. आता प्रश्न असा, की हात हातात घेतलाच नाही तर जकात पोचते का? जाणकारांनी सांगितले, पोचते. मनातला हेतू महत्त्वाचा, हात मिळवणे हा रिवाज.

रिवाज खरा, पण त्यात एक पहाराही होता. एप्रिल 2023 मध्ये, ऐन रमजानात, जकार्तातल्या मशिदींच्या दानपेट्यांवर एकाने स्वतःच्या खात्याचे कोड चिकटवले. खात्याचे नाव काय, तर 'मशीद जीर्णोद्धार'! फोनवर ते वाचून कुणाला शंका यावी? कॅमेऱ्यात सापडला म्हणून पकडला गेला. मला दोष यंत्राचा वाटत नाही. घेणाऱ्याचे तोंड दिसेनासे झाले, तिथे तो आहे.

खेड्यांतल्या मशिदींत आजही रमजानच्या शेवटच्या रात्री तांदळाची पोती येतात. सकाळच्या ईदच्या नमाजाआधी वाटप उरकायचे, म्हणून तरुण पोरे ती खांद्यावर घेऊन दारोदार निघतात.