तळटीप : ३सी २७३ ची प्रत
मूळ लेखकाने कन्या राशीतील या क्वेसारची प्रत १२.९ अशी एकाच आकड्यात नमूद केली आहे (प्रत मोठी तितके तेज कमी, हा खगोलशास्त्राचा उफराटा पण जुना रिवाज). परंतु हा आकडा दृश्य प्रकाशातला असून, १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी जिचे प्रचंड अंतर ओळखले त्या या ज्योतीचे तेज हार्वर्डच्या दप्तरी जमलेल्या जुन्या काचपट्ट्यांवरही कमीजास्त आढळत असल्याने, मोजणीची तारीख गाळणे आम्हांस गैर वाटते. दृश्य प्रकाशाऐवजी अवरक्त किरणांत प्रत मोजायची, तर तेथे आकाश व दुर्बीण स्वतःच उष्णतेने झळकत असल्यामुळे, क्षणभर क्वेसारकडे आणि क्षणभर शेजारच्या रित्या आकाशाकडे पाहून वजाबाकी करावी लागते. शिवाय क्वेसारच्या अवरक्त प्रकाशातला बराचसा भाग तापलेल्या धुळीचा असल्याने गाभ्यातील चढउताराची वर्दी तेथे उशिरा पोहोचते.