फुग्यातला वायू आणि साहेबाचे ओटे

वाढदिवसाच्या सजावटीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन दुकानात डोकवा. झिरमिळ्यांचे पडदे, फेअरी लाइट्स, ‘हॅपी बर्थडे’ची सोनेरी फॉईलची अक्षरं. सगळं कागद नाहीतर प्लास्टिक. या यादीत मला एकच वस्तू खरी नवलाची वाटते, ती म्हणजे फुगा तरंगवणारा हेलियम. हा वायू पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्यावर सापडला होता.

रबरी फुगा त्याहून जुना. 1824 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने रबराचे दोन पातळ तुकडे एकमेकांवर ठेवून कडा दाबल्या. आतून चिकटू नयेत म्हणून पीठ भुरभुरलं आणि हायड्रोजन भरला. हायड्रोजन हलका, पण भडका उडवणारा. हेलियम पेटत नाही, म्हणून घरातल्या पार्टीला तो बरा.

हेलियमचं नाव निघालं की आपल्याकडे विजयदुर्ग येतोच. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने म्हणे या किल्ल्यावरून हेलियम शोधला. तिथले ‘साहेबाचे ओटे’ त्याचेच. दर 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो.

ग्रहण खरं, तारीखही खरी. पण त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच. आंध्रातल्या गुंटूरला होता पिएर जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहण नसतानाही पाहता येईल, हे त्याला तिथे उमगलं. लॉकियरने तेच 20 ऑक्टोबरला इंग्लंडमधून, स्वतंत्रपणे साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. 1872 मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. अशी भांडणाविना वाटणी विज्ञानात क्वचितच होते!

त्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या रेघांच्या शेजारची, पण त्यांच्याशी न जुळणारी. हे नवंच मूलद्रव्य असावं, असं लॉकियरचं म्हणणं. नाव पडलं ते ग्रीक सूर्यदेव हेलिओसवरून. अनेकांना ते पटलं नाही. अखेर 1895 मध्ये विल्यम रॅम्सेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ दिसली.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गला खरोखर आला होता, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. सोबत वर्णपट टिपणारे कॅमेरे आणि मदतीला ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी. ओट्यांचं नातं जोडायचंच तर या ग्रहणाशी जोडावं, असं माझं मत. आपण तीस वर्षांचं अंतर पुसून दोन ग्रहणांचं एक करून टाकलं. मला तर खरी गोष्टच जास्त भावते. सत्तावीस वर्षं ज्याच्या शब्दावर शंका घेतली गेली, तो माणूस खरा ठरल्यावर तीन वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी, दोन मिनिटांच्या अंधारासाठी देवगडच्या किनाऱ्यावर उतरला.

जमिनीखाली युरेनियम, थोरियमच्या ऱ्हासातून हेलियम लाखो वर्षं साठत जातो. नैसर्गिक वायूच्या विहिरींतून तो वेगळा काढतात. एमआरआय यंत्रांची चुंबकं त्याच्यावरच थंड राहतात. भारत तो मुख्यतः आयात करतो. फुग्यातून सुटलेला हेलियम मात्र वर जात जात शेवटी अवकाशात निसटतो, परत येत नाही. फॉईलची अक्षरं भिंतीला टेपने चिकटवायची असतील तर साधी हवा पुरते. फुंकायची नळी बहुतेकदा पाकिटातच असते.