जुना हायवे आणि निपाणीचा तंबाखू

शनिवारी सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडजवळ टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या काकांनी बिडी पेटवली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. सिगारेट मशीनवर बनते, मग बिडी अजून हाताने का वळतात राव?

मशीन काही नवं नाही. जेम्स बॉन्सॅक नावाच्या अमेरिकन पोराने १८८० च्या सुमारास ते बनवलं. वेग मिनिटाला साधारण २०० सिगारेटी! बिडी वळणारी बाई दिवसभर मान मोडून हजारेक वळते. तिची मजुरीही हजारावरच ठरते. म्हणजे बिडीला यंत्र नको होतं असं नाही, माणसांचे हातच यंत्रापेक्षा स्वस्त पडले.

आणि पिकवणारा? त्याची गोष्ट आपल्याच रस्त्यावर घडली. पनवेलवरून जाणारा जुना हायवे, पूर्वीचा एनएच ४, पुणे-कोल्हापूर करत बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीला पोचतो. मराठी बोलणारं गाव, बिडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी सरकारने १९७६ मध्ये गुंटूरला तंबाखू बोर्ड काढलं. बिडीचा तंबाखू पिकवणारा मात्र व्यापाऱ्याच्या दारातच उभा राहिला. भाव तो सांगेल तो.

शेवटी १४ मार्च १९८१ ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी बायकापोरांसह निपाणीत हायवेवर येऊन बसले. मागणी एकच, घामाचं दाम. एक-दोन दिवस नव्हे, तब्बल तीन आठवड्यांहून जास्त! ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले. मी शाळेत इतिहास शिकलो, पण यातलं एक अक्षर वाचल्याचं आठवत नाही.

त्याच निपाणीत वखारींमधून तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका होत्या. दिवसभर नाकातोंडात धूळ. त्यांनीही युनियन बांधली. ‘युगांतर’ या बायकांच्या फिल्म गटाने त्यांच्यावर १९८२ मध्ये माहितीपट केला.

आता तुम्ही म्हणाल, तंबाखूचा एवढा पुळका कशाला? तर मंडळी, पुळका अजिबात नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, आणि हे पीक हळूहळू बंद व्हावं असंच मला वाटतं. पण माझं सोडणं सोपं होतं. मला फक्त टपरी बदलावी लागली. ज्यांनी योग्य भावासाठी जीव दिला, ज्या बायकांची चूल हजार बिड्यांवर पेटते, त्यांना ‘बंद करा’ म्हणण्याआधी दुसरं पीक, दुसरं काम आणि त्याचा भाव तयार पाहिजे. नाहीतर आपली तब्येत सुधारायची आणि बिल त्यांच्या नावावर, असं व्हायचं.

असो. बंगळूरला जाताना निपाणी नेहमी बसमध्ये झोपेतच जाते. पुढच्या वेळी उतरणार आहे.