दुपारचे तीन आणि २९६ मते

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नामनिर्देशन, छाननी, निवडणूक याचिका असे शब्द एकापाठोपाठ येतात. मुले व्याख्या पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. दोष मुलांचा नाही. एकेका शब्दावर प्रत्यक्षात किती अडून राहते, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. म्हणून आम्ही येथे जालन्याचा एक खटला घेतला आहे.

आधी ‘जालना’ हा शब्दच पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर आणि घनसावंगी असे पाच विधानसभा मतदारसंघ आहेत. पण शेवटच्या दोन मतदारसंघांतले मतदार लोकसभेला परभणीचा खासदार निवडतात, आणि जालन्याच्या खासदारासाठी शेजारच्या जिल्ह्यातले सिल्लोड, फुलंब्री, पैठण मत देतात. जिल्हा ही कारभाराची हद्द, तर मतदारसंघ लोकसंख्या पाहून आखलेला. दोन्ही एकच असतील असे नाही. आपला खटला जालना विधानसभा मतदारसंघातला.

ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत तेथे शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांना ४५,०७८ आणि काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते पडली. फरक २९६ चा. एवढ्या थोड्या फरकावर कोर्टात गेले म्हणजे मोजणीवर वाद असणार, असे कोणालाही वाटेल. पण वाद एकाही मताबद्दल नव्हता. तो मतदानाच्या अठरा दिवस आधीच्या एका दुपारबद्दल होता.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे नामनिर्देशनपत्र उमेदवाराने किंवा त्याच्या सूचकाने सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती द्यायचे असते. शेवटचा दिवस होता २७ सप्टेंबर. याचिकेतला आरोप असा, की खोतकरांचे पत्र ३ वाजून ५३ मिनिटांनी आले. छाननीत मात्र ते स्वीकारले गेले. छाननी म्हणजे पत्र कायद्याप्रमाणे आहे की नाही याची अधिकाऱ्याने केलेली तपासणी. मतदान केंद्रावर काम केलेल्या शिक्षकांना वेळेचे हे प्रकरण नवे नाही. मतदान बंद होण्याच्या ठोक्याला रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे यायचे असते, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. ‘वेळेत’ या शब्दाचा अर्थ असा कृतीनेच ठरवावा लागतो.

निकाल लागल्यावर निवडणुकीला आव्हान देण्याचा मार्ग एकच, उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका. ती हरलेल्या उमेदवाराला करता येते, तशी साध्या मतदारालाही. जालन्यातून दोन्ही आल्या, एक गोरंट्याल यांची आणि एक एका मतदाराची. अशी याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. येथे तीन वर्षे गेली.

वेळ लागण्याजोगा प्रश्नही होता. अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर कॅमेरे होते. चित्रीकरणाच्या सीडी कोर्टात आल्या. पण सीडी ही नक्कल. नकलेत काटछाट झाली नाही कशावरून? यासाठी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये एक प्रमाणपत्र सांगितले होते. नोंद कोणत्या यंत्रावर व कशी तयार झाली, हे जबाबदार व्यक्तीने सहीनिशी लिहून द्यायचे. याचिकाकर्त्यांनी ते मागितले, संबंधित अधिकाऱ्यांनी दिले नाही. तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची साक्षच त्या जागी पुरेशी मानली, आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्दबातल ठरवली. विजयी उमेदवाराचेच पत्र चुकीने स्वीकारले गेले असेल, तर निकालावर परिणाम झाला हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. २९६ काय नि २९ हजार काय!

सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयाला स्थगिती दिली, म्हणजे अंतिम निकालापर्यंत खोतकर आमदार राहिले. अंतिम निकाल १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. नकलेसाठी लेखी प्रमाणपत्र हवेच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, असे त्यात ठरले. मूळ यंत्रच कोर्टात आणून ते ज्याचे आहे त्याने साक्ष दिली, तर मात्र प्रमाणपत्र नको. म्हणजे उच्च न्यायालयाचे या मुद्द्यावरचे म्हणणे टिकले नाही. तरी चित्रीकरण सोडून इतर पुरावा पुरेसा होता, म्हणून खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

तोवर त्या विधानसभेची मुदत संपली होती. २०१९ च्या निवडणुकीत जालन्याने गोरंट्याल यांना निवडले, २०२४ मध्ये पुन्हा खोतकरांना. जुना पुरावा कायदाही १ जुलै २०२४ पासून गेला. त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ मध्ये, प्रमाणपत्राची अट कायम आहे.