थेरपी औंधला, मूल महाळुंग्यात

२००९ च्या मार्चमध्ये चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं तेव्हा मी नवखा बातमीदार होतो. किती गाड्या, किती रोजगार, सगळं लिहिलं. कामगारांसोबत आलेली दीड-दोन वर्षांची पोरं बोलतात का, चालतात का, हे विचारायचं डोक्यातही आलं नाही.

खरं तर या विषयावर पुण्यात त्याच्या कितीतरी आधी काम झालं होतं. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलने १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा १८ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. डॉ. सुधा चौधरी आणि डॉ. आनंद पंडित यांचं हे काम. बहुतेक मुलं ठीक वाढली, पण बुद्ध्यांकात ती सरासरीने इतर मुलांच्या मागेच राहिली. "बापही उशिरा बोलला होता, होईल नीट" असं आपण म्हणतो ना, ते दर वेळी खरं ठरत नाही.

कायदा सावकाश आला. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या कायद्याने सातची यादी २१ वर नेली. त्याआधी, ६ फेब्रुवारी २०१३ ला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, आणि शंका वाटली तर मूल जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. मी तेव्हा आतल्या पानावर चार ओळी दिल्या. आता लाज वाटते.

कागदावर योजना चांगलीच आहे. घोडं अडतं ते रस्त्यावर.

गेल्या महिन्यात महाळुंग्यात एका ताईंना भेटलो. मुलगा तीन वर्षांचा, हाक मारली तरी वळत नाही. हे आधी ओळखलं अंगणवाडी सेविकेने (या बायकांना आपण मोजतच नाही). चिठ्ठी मिळाली औंधच्या जिल्हा रुग्णालयाची. म्हणजे चाकणपर्यंत शेअर रिक्षा, तिथून बस, नाशिक फाट्याला बदलायची, आणि मधे तळेगाव चौकातली कोंडी. नवरा कंत्राटी, खाडा झाला की पगार कापला. तीनदा गेल्या, मग थांबल्या. थेरपी म्हणजे काही लस नव्हे, एकदा टोचली की झालं. ती आठवड्यामागून आठवडे करायची असते, शक्यतो पहिल्या तीन वर्षांत. त्यांच्या मुलाची ती वर्षं खोली बदलण्यातच गेली. अकरा महिन्यांचा करार संपला की पत्ता बदलतो, आणि पुढच्या तपासणीला पथक येतं तेव्हा मूल दुसऱ्याच गावात असतं.

इंद्रायणीच्या अलीकडे मोशीत राहिलात तर महापालिका तुमची. मोरवाडीत तिचं दिव्यांग भवन आहे, थेरपी मिळते. पलीकडे कुरुळी, चिंबळीत खोली घेतलीत की तालुका खेड आणि कार्यालयं वेगळी. कंपनी मात्र तीच असू शकते!

चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस वाचा आणि फिजिओथेरपिस्ट बसवता येतील का, हे मी आरोग्य खात्याला लेखी विचारतोय. ज्यांची मुलं औंधला जाऊन मधेच थांबली, त्यांनी इनबॉक्समध्ये फक्त गाव आणि मुलाचं वय कळवा. नाव नको. अर्जासोबत जोडायचं आहे.