एका तारेवरचे दोन आवाज

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावाहून मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. तासा-दीड तासाने घंटा वाजे आणि बोलणे ऐन रंगात आले की मध्येच ऑपरेटरचा आवाज येई, “तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का?” म्हणजे तो ऐकत असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे लग्नाची बोलणी किंवा पैशाची अडचण असे विषय फोनवर कोणी काढतच नसे. ते पत्रात लिहीत. पुढे एस.टी.डी. आली, मधला माणूस गेला, आणि आता आपले बोलणे आपल्यापाशीच राहणार असे सर्वांना वाटले. हा समज कितपत खरा होता ते पाहायचे तर अमेरिकेत जावे लागेल, कारण मधला माणूस काढून टाकण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो तिथे.

१० नोव्हेंबर १९५१ रोजी न्यू जर्सी राज्यातील एंगलवुड गावाच्या महापौरांनी ऑपरेटरला न विचारता, थेट नंबर फिरवून, देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातील अलामेडाच्या महापौरांशी बोलणे केले. (आपल्याकडे अशी पहिली सेवा १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांमध्ये सुरू झाली.) ऑपरेटर गेली, पण तिचे काम शिल्लक होतेच. कोणती ट्रंक लाईन मोकळी आहे, पलीकडच्या एक्स्चेंजला कोणता नंबर हवा आहे, बोलणे कधी संपले, या सूचना आता एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला द्यायच्या होत्या. त्यासाठी वेगळी तार टाकणे महागात पडले असते. तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांनी ठरवले, की ज्या तारेवरून माणसे बोलतात त्याच तारेवरून यंत्रांनीही बोलावे. माणसे शब्दांत बोलतील, यंत्रे सुरांत.

टेलिफोनच्या तारेवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो, म्हणून यंत्रांचे सूरही त्यातच बसवावे लागले. ट्रंक लाईन रिकामी असली की तिच्यावर २६०० हर्ट्झचा सूर सतत चालू असे. सूर थांबला म्हणजे कोणीतरी लाईन घेतली, पुन्हा सुरू झाला म्हणजे फोन ठेवला. हा सूर निवडण्याचे कारण म्हणजे माणसाच्या बोलण्यात या भागात जोर कमी असतो. अंक पाठवण्याची युक्ती गणिताच्या शिक्षकांना विशेष आवडेल. ७००, ९००, ११००, १३००, १५०० आणि १७०० असे सहा सूर घेतले आणि प्रत्येक खुणेसाठी त्यांतले दोन एकदम वाजवले. सहांतून दोन निवडण्याचे प्रकार १५ होतात. त्यांपैकी पहिल्या पाचांतून दोन निवडण्याचे प्रकार बरोबर १०, म्हणजे ० ते ९ हे अंक. उरलेल्या पाच जोड्यांत १७०० असतोच. त्या ‘अंक सुरू होत आहेत’, ‘अंक संपले’ अशा सूचनांसाठी ठेवल्या. एकच सूर बोलताना तोंडातून चुकून निघू शकतो, पण ठरलेले दोन सूर एकाच वेळी नेमके निघणे जवळजवळ अशक्य, म्हणून जोडी. आपल्या फोनची बटणे दाबताना जे आवाज येतात तेही जोडीचेच असतात. त्यांचे सूर वेगळे, तत्त्व तेच. ५ चे बटण दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. ज्या शाळेत संगणक व मायक्रोफोन आहे तिथे मुलांना हे दोन शेंडे आलेखात दाखवता येतील.

ही सगळी माहिती कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्याच तांत्रिक नियतकालिकात १९५४ व १९६० साली छापली. ग्रंथालयात कोणालाही ती वाचता येई. पण पहिला भेद वाचून झालाच नाही. जो एंग्रेसिया नावाचा एक जन्मांध मुलगा होता. त्याचा कान विलक्षण तयार. सात-आठ वर्षांचा असताना त्याने फोनवर सहज शिटी घातली आणि चालू कॉल तुटला. पुन्हा घातली, पुन्हा तुटला. त्याच्या ओठांतून बरोबर २६०० हर्ट्झ निघत होते. पलीकडच्या यंत्राला वाटे, फोन ठेवला. शिटी थांबली की वाटे, कोणीतरी नवा कॉल करीत आहे. अलीकडचे यंत्र मात्र पहिलाच कॉल चालू आहे असे समजून त्याचेच बिल लावी. तो पहिला नंबर फुकटचा असेल, तर पुढे जगात कुठेही बोललेले फुकट! पुढे मुलांच्या असे लक्षात आले, की न्याहारीच्या एका डबाबंद पदार्थाबरोबर भेट मिळणारी प्लॅस्टिकची शिटी, तिचे एक भोक बंद केले, तर हाच सूर काढते.

ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर मोठा लेख आला. सूरांच्या जोड्या वाजवणाऱ्या त्यांच्या पेटीला ‘ब्लू बॉक्स’ म्हणत. तो लेख एकवीस वर्षांच्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने वाचला आणि आपल्या शाळकरी मित्राला, स्टीव्ह जॉब्सला, वाचून दाखवला. वारंवारतांचे आकडे खरे आहेत का हे पाहायला दोघे स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्राच्या ग्रंथालयात गेले, आणि ते आकडे पुस्तकात सापडले. वॉझ्नियॅकची पहिली पेटी फसली, कारण सूर स्थिर राहीनात. मग त्याने स्फटिकाच्या ठरावीक कंपनांना अंकीय मंडलाने भागून सूर काढले. भागाकार चुकत नाही, म्हणून सूरही हलत नाहीत. अशा पेट्या त्यांनी सुमारे दीडशे डॉलरला एक अशा विकल्या. हीच काटकसरी रचनेची हातोटी पुढे खेळात उतरली. १९७५ मध्ये जॉब्स अटारी कंपनीत असताना वॉझ्नियॅकने चार रात्री जागून ‘ब्रेकआउट’ या भिंत फोडण्याच्या व्हिडिओ गेमचे मंडल पन्नासाहून कमी चिपांत बसवले. ते इतके आटोपशीर होते, की अटारीने प्रत्यक्ष यंत्रात ते वापरलेच नाही. १९७७ च्या ‘अ‍ॅपल टू’ संगणकात रंग, आवाज आणि फिरवायची मूठ का आली, तर तोच खेळ बेसिक भाषेत लिहिता यावा म्हणून, असे वॉझ्नियॅकनेच सांगितले आहे.

या मुलांना नायक करण्याची एक रीत पडली आहे. आम्हाला ती पटत नाही; फुकट कॉल ही चोरीच होती, आणि काहींना शिक्षाही झाल्या. परंतु कहाणीची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. चोर पकडायचे कसे? सूर आणि बोलणे एकाच तारेवर, म्हणजे सूर शोधायचा तर बोलणे ऐकणे आलेच. १९६४ ते १९७० या काळात ए.टी. अँड टी. कंपनीने काही निवडक शहरांतील एक्स्चेंजमध्ये गुपचूप यंत्रे बसवली. ‘ग्रीनस्टार’ हे त्या योजनेचे नाव. यंत्र ट्रंक लाईनींवर कान लावून बसे आणि संशयास्पद सूर आला की ध्वनिफीत चालू होई. ३ कोटींहून अधिक कॉल अशा रीतीने तपासले गेले आणि सुमारे १५ लाख ध्वनिमुद्रित झाले, म्हणजे ढोबळमानाने दर वीस कॉलमागे एक. यंत्राला चुकीचा सूर आणि एखाद्या बाईचा किनरा आवाज यांत नेहमी फरक करता येत नसे. ज्यांचे बोलणे टेपवर गेले त्यांतले बहुसंख्य लोक आपल्या आईशी, दुकानदाराशी, डॉक्टरांशी बोलत होते. १९६८ च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांना असे सरसकट ऐकण्यास मनाई केली. सेवेचा दर्जा तपासण्यापुरतीच सूट होती. योजना तरीही पुढे दोन वर्षे चालली. १९७५ च्या सुरुवातीला सेंट लुईच्या एका वृत्तपत्राने ती उघड केली, तोपर्यंत ग्राहकांना काही कळले नव्हते. ट्रंक कॉलचा ऑपरेटर निदान मध्ये बोलून आपण आहोत हे कळवत तरी असे.

खरा उपाय १९७६ पासून सुरू झाला: यंत्रांच्या सूचनांना वेगळी वाट देणे. शिटी घाला, पेटी वाजवा, पलीकडच्या यंत्राला ते ऐकूच जात नाही. आता बोलणे ऐकण्याचे निमित्तही उरले नाही. मात्र कोणी, कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, हे सगळे त्या वेगळ्या वाटेवर बोलण्यापासून सुटे, नीटनेटके जमा होऊ लागले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की फिरवलेले नंबर आपण स्वतःच कंपनीला देतो, तेव्हा त्यांना खासगीपणाचे संरक्षण नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये टेलिफोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग मानला आणि ते ऐकण्याच्या सरकारी आदेशांना गृहसचिवांची सही, मुदत आणि समितीची फेरतपासणी यांचे बंधन घातले. तो निकाल बोलण्याविषयी होता.

शिवाय ती वेगळी वाटही विश्वासावरच बांधलेली निघाली. तिच्यावर फक्त टेलिफोन कंपन्याच असतील असे धरून चालल्यामुळे सूचना खरी की खोटी हे तपासण्याची सोय ठेवली नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत जर्मन संशोधकांनी दाखवून दिले, की त्या जाळ्यात शिरकाव मिळालेल्याला दूरच्या देशातला मोबाइल कुठे आहे ते कळते आणि त्यावरचे कॉलही आपल्याकडे वळवता येतात.

२६०० हर्ट्झचा सूर मात्र आणखी बरीच वर्षे कुठे कुठे टिकून होता. अमेरिकेत तो ऐकू येणाऱ्या शेवटच्या जागांपैकी एक म्हणजे मिनेसोटा राज्यातील वावीना हे छोटेसे खेडे. जून २००६ मध्ये तिथली जुनी यंत्रणा बदलली, त्याआधी दूरदूरचे हौशी लोक तिथे फोन लावून तो सूर एकदा ऐकून घेत होते.